चार बोर्ड आणि कोरडं तळं

त्या वर्षी वाळूजच्या कारखान्यांच्या पाण्यात कपात झाली आणि आमच्या कंपनीनं आठवड्यातले दोन दिवस लाइन बंद ठेवायला सुरुवात केली. सलग दुसरं कोरडं वर्ष होतं. दुचाकीत बसणाऱ्या इलेक्ट्रॉनिक बोर्डांवर सोल्डरिंग करायचं हे माझं काम. सुट्टीच्या दिवशी बाकीच्या बायका गावाकडं जायच्या, नाहीतर रांजणगावातल्या आमच्या खोल्यांपुढं टँकरची वाट बघत बसायच्या. मला हात रिकामे राहिले की करमायचं नाही.

आमचं घर मेंढरांमागं फिरणारं. गाव गंगापूर तालुक्यात, वाळूजपासून मोटारसायकलनं पाऊण तासावर. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, उभा जन्म कळपामागं चालले. घरात आयटीआय झालेली मी पहिली. पास झाल्यावर कंत्राटावर लाइनला लागले आणि चार वर्षं एकच काम केलं. बोर्ड समोर येतो, ठरलेल्या अकरा ठिकाणी कथील लावायचं, बोर्ड पुढं जातो. तो चालतो की नाही हे पुढं काचेच्या खोलीत टेस्टिंगवाले बघायचे. तिथं सगळे पुरुष होते. मी लावलेलं कथील चांगलं आहे एवढं मला माहीत होतं, पण त्या बोर्डाचं पुढं काय होतं ते बघायला मिळत नव्हतं. याचं मला वाईट वाटायचं, आणि हे ज्याला सांगावं असं कुणी तिथं नव्हतं.

अशाच एका सुट्टीच्या दिवशी मी सोल्डरिंगची तार आणायला शहागंजला गेले. तिथं एका बोळात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं जुनं दुकान होतं. दुकानातले चाचा मला ओळखायचे. मी गेले तेव्हा काउंटरपाशी साठीच्या पुढचे एक गृहस्थ उभे होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि पुढ्यात काडेपेटीएवढे चार बोर्ड, काळ्या प्लास्टिकच्या कातडीत गुंडाळलेले.

चाचा त्यांना सांगत होते, "साब, ये अपने से नै होता. जला हुआ पुर्जा बदलना है तो बोलो, बदल देता. अंदर का प्रोग्राम बदलना अपना काम नै."

मी एक बोर्ड उचलून बघितला. एका बाजूला बॅटरीच्या दोन जाड तारा, दुसऱ्या बाजूला मोटारीच्या तीन. मी विचारलं, "हे कशाचं आहे?"

त्या गृहस्थांनी मला नीट समजावून सांगितलं, जणू कुणी विचारायचीच ते वाट बघत होते. त्यांनी चार पंख्यांचं एक उडतं यंत्र घरी बनवलं होतं. तेव्हा ड्रोन हा शब्द आमच्या कानावर आला नव्हता. प्रत्येक पंख्याला एक छोटी मोटार, आणि बॅटरी व मोटार यांच्या मधे हा एकेक बोर्ड. मोटारीनं किती जोरात फिरायचं ते हा बोर्ड ठरवतो. पण हे बोर्ड बनवलेले होते खेळण्यातल्या विमानासाठी. विमानाला सावकाश वेग वाढला तरी चालतं. चार पंख्यांच्या यंत्राला मात्र तोल सांभाळायला क्षणोक्षणी वेग बदलावा लागतो, आणि हे बोर्ड हुकूम मिळाल्यावर जरा थांबून, विचार केल्यासारखं करून, मग हलायचे. त्यामुळं यंत्र दोन पुरुष उंच गेलं की डुलायला लागायचं आणि उलटं होऊन पडायचं. बोर्डातल्या चिपमधला प्रोग्राम बदलला तर हा दोष जातो असं त्यांनी इंटरनेटवर वाचलं होतं. परदेशातल्या हौशी माणसांनी नवा प्रोग्राम लिहून सगळ्यांसाठी मोकळा ठेवला होता. तो चिपमध्ये उतरवायला बोर्डावरच्या ज्वारीच्या दाण्याएवढ्या सहा ठिकाणी सहा तारा जोडाव्या लागत, आणि त्यांचे हात आता कापत होते.

"सहा तारा मी जोडून देते," मी म्हणाले.

"तुम्हाला जमेल?" त्यांनी विचारलं. त्यात टोमणा नव्हता, खरंच विचारत होते.

चाचाच म्हणाले, "साब, इनका हाथ देखो कभी. मशीन से अच्छा टाँका देती."

तशी मी पुढच्या आठवड्यात उस्मानपुऱ्यातल्या त्यांच्या घरी गेले. ते पाटबंधारे खात्यातून आरेखक म्हणून निवृत्त झालेले. जिल्ह्यातल्या कितीतरी तलावांचे नकाशे त्यांनी हातानं काढलेले. मी त्यांना काका म्हणायला लागले आणि ते मला लगेचच 'अगं' म्हणायला लागले. काकूंनी चहा आणि भाजलेले शेंगदाणे आणून ठेवले आणि एवढंच विचारलं, "धूर होणार असेल तर खिडकी उघडी ठेवू ना?"

मी कातडी कापून पहिला बोर्ड उघडा केला. चिपच्या कडेला ते सहा दाणे दिसले. केसासारख्या बारीक सहा तारा त्यांवर बसवल्या. तारांचं दुसरं टोक एका छोट्या जोडणी यंत्राला, ते काकांच्या लॅपटॉपला. काकांनी एक गोष्ट आधीच सांगून ठेवली. चिपमधला जुना प्रोग्राम काढून जपून ठेवता येत नव्हता, कंपनीनं त्याला कुलूप घातलं होतं. एकदा पुसला की गेला. नवा बसला नाही तर बोर्ड निव्वळ पत्रा.

"पुसू?" काकांनी विचारलं.

"पुसा."

पडद्यावर एक पट्टी सरकत गेली आणि शेवटी 'ओके' आलं. काकांनी बॅटरी लावली. मोटारीनं तीन सूर काढले, बारीक शिट्टीसारखे. बोर्डाला भोंगा नसतो, ती मोटारच वाजते, हे मला तेव्हा कळलं. काकांनी रिमोटची कांडी जराशी ढकलली आणि मोटार लगेच फिरली, सोडली की लगेच थांबली. चार वर्षांत मी हजारो बोर्डांवर कथील लावलं असेल, पण माझ्या हातचा बोर्ड कामाला लागलेला मी तेव्हा पहिल्यांदा बघितला. मी शेंगदाणे खात बसले.

दुसरा बोर्डही तसाच झाला. तिसऱ्याला मी सराईतासारख्या तारा लावल्या, प्रोग्राम उतरवला, 'ओके' आलं. बॅटरी लावली आणि फट्‌ आवाज होऊन धूर निघाला. काकूंनी आतूनच खिडकीचं विचारलं. मी बॅटरी ओढून काढली, पण बोर्ड गेला होता. त्यावरच्या दोन ट्रान्झिस्टरांना भोकं पडली होती.

लाइनवर असं झालं असतं तर सुपरवायझरनं सगळ्यांसमोर नाव घेतलं असतं. मी म्हणाले, "काका, माझ्याकडून गेला."

काकांनी चष्मा पुसला. "तुझ्याकडून गेला की कसा गेला, ते आपल्याला अजून माहीत नाही. आधी ते शोधू. चौथ्यातलं तोवर काही पुसायचं नाही."

मी जळका बोर्ड, एक चांगला बोर्ड आणि न उघडलेला चौथा असे तिन्ही रुमालात बांधून खोलीवर आणले. पुढच्या दोन सुट्ट्या मी दारात उजेडाला बसून भिंग लावून तेच बघत होते. शेजारच्या बायकांना वाटलं मी दागिना दुरुस्त करते आहे. वरचं लेबल तिन्हींवर एकच. आकार एकच. पण चौथ्याची कातडी काढल्यावर मला वाटलं, याचे ट्रान्झिस्टर जरा वेगळ्या ओळीत बसलेत. चिपच्या सहा पायांमधून सहा ट्रान्झिस्टरांना हुकूम जातो. कुठला पाय कुठल्या ट्रान्झिस्टरला जातो ते मी मीटर लावून एकेक करून शोधलं आणि आलेखाच्या कागदावर काढलं. आधी चांगल्या बोर्डाचं, मग चौथ्याचं, मग जळक्याचं जेवढं उरलं होतं तेवढं.

दोन कागद शेजारी ठेवले आणि सगळं दिसलं. बनवणाऱ्यानं मधेच आतली जोडणी बदलली होती आणि लेबल तेच ठेवलं होतं. पहिल्या दोन बोर्डांत ज्या पायाच्या हुकमानं ट्रान्झिस्टर चालू व्हायचा, तिसऱ्या आणि चौथ्यात त्याच हुकमानं तो बंद होत होता. मी उतरवलेला प्रोग्राम जुन्या जोडणीसाठीचा होता. त्यानं वरचा आणि खालचा ट्रान्झिस्टर एकाच वेळी उघडला, आणि बॅटरीची सगळी ताकद त्या दोघांमधून सरळ गेली. पडद्यावरचं 'ओके' खरंच होतं, प्रोग्राम नीट उतरला होता. तो त्या बोर्डाचा नव्हता एवढंच.

पुढच्या सुट्टीला मी ते दोन कागद काकांपुढं ठेवले आणि त्यांनी एकेक रेघ बोटानं तपासली. मग म्हणाले, "हे तू काढलंस?"

"हो."

"आमच्या खात्यात असं काढणाऱ्या माणसाला आरेखक व्हायला सहा वर्षं लागायची."

त्यांनी इंटरनेटवर शोधलं. नव्या प्रोग्रामच्या वीसेक वेगवेगळ्या फाइली होत्या, जोडणी बघून निवडायच्या. माझ्या कागदावरून आम्ही एक निवडली. पण मला आता बॅटरी सरळ लावायची भीती होती. आमच्या कंपनीत देखभालीला एक दादा होते, त्यांना मी विचारलं होतं की जळण्याआधी कळेल असं काही करता येतं का. ते म्हणाले, "गाडीच्या हेडलाइटचा बल्ब मधे टाक. गडबड असली तर बल्ब पेटंल, बोर्ड वाचंल." मी बल्ब घेऊनच आले होते. बॅटरीच्या तारेत बल्ब जोडला, चौथा बोर्ड लावला. बल्ब किंचित लुकलुकला आणि विझला. मोटारीनं तीन सूर काढले.

काकू आतून बाहेर आल्या. "झालं का?" त्यांनी विचारलं. काका म्हणाले, "हिनं केलं." त्या दिवशी रांजणगावला परत जाताना शेअर रिक्षात मी उगाच ताठ बसले होते.

जळक्याच्या जागी नवा बोर्ड यायला तीन आठवडे लागले. आल्यावर मी आधी कातडी कापून जोडणी बघितली, मग फाइल निवडली. चारही मोटारी सारख्याच फिराव्यात म्हणून चारही बोर्डांना रिमोटच्या कांडीची वरची आणि खालची हद्द एकसारखी शिकवली. मग काकांनी विचारलं, "उडवायचं कुठं? शहरात आता मोकळी जागा राहिली नाही. जिथं तिथं प्लॉट."

मी म्हणाले, "आमच्या गावचं तळं कोरडं पडलंय. दोन क्रिकेटची मैदानं मावतील."

तळ्याचं नाव काढताच काका सरसावून बसले. कुठलं तळं, किती जुनं, पाणी कुठून येतं, हे सगळं त्यांनी विचारलं. तेव्हा मला कळलं की त्यांनी यंत्र खेळायला बनवलंच नव्हतं. तीस वर्षं त्यांनी तलावांचे नकाशे काढले, पण एकही तलाव वरून बघितला नव्हता. त्यांना एकदा बघायचं होतं. अशा यंत्रांचे नियम त्या वेळी धड कुणाला ठाऊक नव्हते, तरी त्यांनी तहसीलमध्ये आणि पोलीस ठाण्यात रीतसर अर्ज दिला आणि पोच घेतली.

गावात आप्पा तळ्याच्या काठावर काठीला रेलून उभे होते. तळ्याची भुई फुटून तिच्या खापऱ्या झाल्या होत्या. काकांनी त्यांना नमस्कार केला आणि विचारलं, "शेवटचं कधी भरलं होतं?"

आप्पा म्हणाले, "चार सालं झाली, साहेब. बरं, पाऊस अगदीच नाय असं नाय. दोन सालं झाली दुष्काळ, त्याच्या आधी पडलाच की. पर पाणी येईना. पयलं त्या टेकाडाकून यायचं. आता कुटं मुरतं, कुटं जातं, काय कळंना."

काकांनी यंत्राखाली एक छोटा कॅमेरा बांधला. मी प्रत्येक जोड बोटानं दाबून बघितली. रिमोट काकांच्या हातात होता. चारी मोटारींनी एकदम तीन सूर काढले आणि दूर उभी असलेली मेंढरं कान टवकारून बघायला लागली.

यंत्र वर गेलं. दोन पुरुष उंचीवर, जिथं ते पडायचं, तिथं पोचलं. वारा आला, एक पंखा खाली झुकला आणि त्याच क्षणी सावरला. मग ते टेकाडाच्या दिशेनं सरळ चढत गेलं, ठिपक्याएवढं झालं. काकांचे हात कापत होते, यंत्र कापत नव्हतं.

आप्पा माझ्याजवळ आले. "ह्यात तुजं काय हाय?" त्यांनी विचारलं.

"त्या पंख्यांना कसं फिरायचं ते मी शिकवलं, आप्पा."

"व्हय?" त्यांनी वर बघितलं. यंत्र खाली उतरेपर्यंत बघत होते.

लिंबाच्या सावलीत लॅपटॉप ठेवून आम्ही फोटो बघितले. काकांनी एक फोटो मोठा केला आणि पेनाच्या टोकानं दाखवलं. टेकाडापासून तळ्याकडं येणारी एक काळपट रेघ होती, जमिनीवरून चालताना कधीच न दिसणारी. तो तळ्याला पाणी आणणारा जुना चर. तो अर्ध्या वाटेवर थांबत होता, कारण त्यावरून मुरमाचा एक सरळ पांढरा रस्ता गेला होता. शहर आमच्या गावापर्यंत यायला लागलं होतं, आणि कुणीतरी शेत घेऊन प्लॉट पाडताना हा रस्ता केला होता. खाली पाइप टाकले नव्हते. पाणी रस्त्याला अडून बाजूच्या खाणीच्या खड्ड्यात जात होतं.

आप्पा खाली बसले. त्यांनी त्या रेघेवर बोट ठेवलं. "हाच. मी ल्हान असताना ह्यात मेंढरं धुतलीत. म्या म्हणलोच व्हतो, टेकाडाकून यायचं."

काका म्हणाले, "तुम्ही बरोबर होतात. आता हे गावाला दाखवायचं."

ग्रामसभेत ते मी दाखवावं असं काकांचं म्हणणं होतं. मी नको म्हणाले. चार माणसांत बोलायची मला सवय नव्हती, आणि आमच्या घरचं कुणी तिथं कधी बोललं नव्हतं. आप्पा आजवर शेवटच्या ओळीत बसून परत यायचे. काका म्हणाले, "नकाशा ज्यानं तपासला त्यानंच उत्तरं द्यायची असतात." मग मी शाळेचा प्रोजेक्टर मागून आणला आणि भिंतीवर फोटो लावला.

एक जण म्हणाला, "पाखरू उडवून पाणी येतं व्हय?" लोक हसले.

मी म्हणाले, "नाय येत. पण कुठं अडलंय ते दिसतं." आणि कागदावर लिहून आणलेलं बाजूला ठेवून मी बोलत गेले. चर कुठून निघतो, कुठं तुटतो, किती फूट रस्त्याखाली पाइप लागतील. मधे कुणीतरी विचारलं, हा फोटो आपल्याच गावचा कशावरून? तेव्हा शेवटच्या ओळीतून आप्पा उठले. "त्यात मपली मेंढरं दिसत्यात," ते म्हणाले. खरंच कोपऱ्यात पांढरे ठिपके होते. यावर कुणी हसलं नाही.

तिथून काम सरळ झालं असं नाही. रस्ता करणाऱ्यांनी आधी हात वर केले. सरपंच बाईंनी तीन वेळा तहसीलच्या चकरा मारल्या, प्रत्येक वेळी तो फोटो फाइलीत घालून. उन्हाळा संपायच्या आत रस्त्याखाली पाइप पडले, आणि चर गावानं आठ दिवस खपून मोकळा केला. पुढच्या साली पाऊस बेताचाच झाला, तरी तळं निम्म्याच्या वर भरलं. गावच्या खालच्या अंगाच्या विहिरींना पाणी उतरलं. त्या साली आप्पांनी मेंढरं लांब नेली नाहीत. आमच्या घरात हे पहिल्यांदा घडलं होतं.

कंपनीत ही गोष्ट देखभालीच्या दादांनी सांगितली. एक दिवस टेस्टिंगच्या साहेबांनी मला बोलावून ते दोन आलेखाचे कागद मागवले. दुसऱ्या महिन्यात मी काचेच्या खोलीत बसले. तिथली मी पहिली बाई. आता पाच आहेत, त्यातल्या तिघींना मी शिकवलंय. हल्ली बोर्डाचा प्रोग्राम बदलायला तारा जोडाव्या लागत नाहीत, केबल लावली की होतं. तरी नवीन मुलीला मी आधी एक बोर्ड उघडून मीटरनं त्याची जोडणी कागदावर काढायला लावते. कुरकुरतात, पण काढतात.

काका-काकू पुढं मुलाकडं पुण्याला गेले. जाण्याआधी काकांनी मला घरी बोलावलं. त्यांनी त्या फोटोंवरून आमच्या तळ्याचा नकाशा काढला होता, शाईनं, खात्यात काढायचे तसा. टेकाड, चर, रस्त्याखालचे पाइप, विहिरी, सगळं. सरकारी नकाशाच्या खाली उजव्या कोपऱ्यात चौकोन असतात. 'काढणार' या चौकोनात त्यांची सही होती. 'तपासणार' या चौकोनात माझं पूर्ण नाव सुरेख अक्षरात लिहिलेलं होतं, आणि सहीची जागा मोकळी होती.

काकांनी खिशातलं पेन काढून माझ्या हातात दिलं. "आधी तपास," ते म्हणाले, "मग सही कर."

मी खुर्ची ओढून टेबलाशी बसले आणि टेकाडापासून तपासायला सुरुवात केली.